कॉलेजची डान्स टीम : प्रमाणपत्र सोडून हाती काय लागतं?

त्रिमूर्ती_नगर
भाची दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजात युवा महोत्सवासाठी नाचाच्या टीमची निवड सुरू आहे, ‘जाऊ का?’ विचारते. माझं मत सांगतो, पटत नसेल तर खोडा. सहा आठवडे रोज दोन-अडीच तास, शिवाय बुडालेले तास, आणि शेवटी सहभागाचं प्रमाणपत्र. एवढ्या वेळात माणूस एखादी भाषा शिकायला लागतो.

एक विनंती. ‘आत्मविश्वास वाढतो’, ‘स्टेज डेअरिंग येतं’ असं मोघम लिहू नका, ते प्रॉस्पेक्टसमध्ये छापलेलं आहे. नेमकी कोणती सवय लागते, कशामुळे लागते आणि कुठे बिनसतं, तेवढं सांगा.

बर्डीवाला
वरातीतल्या नागीण डान्सचा दर्जा सुधारतो. बाकीचं जाणकार सांगतील.

मागची_रांग
आधी हिशोब मांडू. मिनिटाला १२० ठोक्यांचं गाणं असेल तर आठ काउंट (म्हणजे आठ ठोके) चार सेकंदांत संपतात. म्हणजे चार मिनिटांच्या ट्रॅकमध्ये साठ ‘आठ’. नवीन माणसाला दोन तासांत चार ते सहा आठ नीट बसतात. नुसत्या स्टेप अंगात भिनायलाच दहा ते पंधरा दिवस गेले. उरलेले चार आठवडे सफाईचे, आणि धागाकर्ते जे विचारतात ते सगळं या चार आठवड्यांत घडतं. स्टेप शिकणं हा त्यातला सोपा भाग आहे.

चुका सहसा स्टेपमध्ये होत नाहीत, सांध्यावर होतात. एक फॉर्मेशन (कोण कुठे उभं, ती मांडणी) सुटून दुसरं लागेपर्यंतच्या चार-आठ काउंटांत. हात काय करतात ते ठरलेलं असतं, पाय कोणत्या वाटेने जातात ते ठरलेलं नसतं, मग दोघी एकाच फटीतून घुसतात. उपाय कंटाळवाणा आहे. गाणं बंद. हात मागे बांधून, तोंडाने मोठ्याने काउंट म्हणत नुसतं चालायचं. कोण कोणाच्या पुढून जाईल आणि कोण मागून, हे नाव घेऊन ठरवायचं. असं वीस वेळा. इथेच अर्धे लोक वैतागून मोबाईल काढतात.

दुसरं म्हणजे आरसा. शेवटचे दोन आठवडे आरशाकडे पाठ करून नाचायचं. आरशात बघणारा फक्त स्वतःला बघतो. स्टेजवर आरसा नसतो, तिथे शेजारच्याचा खांदा डोळ्याच्या कोपऱ्यातून पकडावा लागतो. सरळ बघायचं आणि तरी दोन्ही बाजूंचं भान ठेवायचं, ही सवय दुसरीकडे कुठे लागते ते मला तरी ठाऊक नाही.

तिसरं, ‘नोट’ म्हणजे चूक सुधारायची सूचना घेणं. ‘तुझा डावा हात सहाला पडतो, सातला हवा.’ यावर ‘हो, पण पुढची हलली म्हणून...’ असं न म्हणता फक्त ‘सातला’ म्हणून पुन्हा करायचं. सुरुवातीला प्रत्येक जण कारण सांगतो. बारा जणांनी प्रत्येकी अर्ध्या मिनिटाचं कारण सांगितलं की सहा मिनिटं गेली आणि एकही हात सुधारला नाही. तिसऱ्या आठवड्यात कारणं आपोआप बंद होतात. मला विचाराल तर प्रमाणपत्र यासाठी द्यायला हवं.

संत्राबर्फी
मागची_रांग यांचं सगळं खरं, पण चांगल्या टीमपुरतं. बऱ्याच ठिकाणी बाहेरून कोरिओग्राफर येतो, आठ दिवसांत सगळं ‘बसवून’ जातो, पोरं कठपुतळ्या. फॉर्मेशन त्याचं, गाण्याचं कटिंग त्याचं, कपडेही त्याच्याच ओळखीच्या दुकानातून. पुढच्या रांगेत त्याच्या आवडत्या चार मुली. यात सवय लागते ती फक्त शिव्या खाण्याची.

काऊन_बे
बाई बरोबर सांगून राहिली. वरून जिंकलं तर कोरिओग्राफरचं नाव, हरलं तर पोट्टे कमी पडले.

विंगेतून
@संत्राबर्फी, बाहेरचा माणूस आला म्हणून पोरं रिकामी राहतात असं नाही. स्टेप सोडून इतकी कामं असतात की ती कोणाला दिलीत यावर सगळं ठरतं.

पहिलं काम स्टेजचं माप. आपल्या नागपुरातलं वसंतराव देशपांडे सभागृह, सायंटिफिक सभागृह, रेशीमबागेतलं सुरेश भट सभागृह आणि कॉलेजच्या मैदानावरचा मांडव, प्रत्येकाची रुंदी-खोली वेगळी. एकाने टेप घेऊन जायचं, विंगेपासून विंगेपर्यंत आणि पडद्यापासून कडेपर्यंत मोजायचं, आणि तेच माप कॉलेजच्या पार्किंगमध्ये खडूने आखायचं. मधोमध एक खूण, तिथून दोन्हीकडे दर चार फुटांवर एकेक. हात पसरलेल्या माणसाला साडेपाच-सहा फूट लागतात. तीस फुटांत दहा जणांची सरळ रांग बसतच नाही. हे खडूने आखल्यावर दिसतं, नाहीतर स्टेजवर एकमेकांच्या तोंडावर हात बसल्यावर.

दुसरं काम ट्रॅक. दोन पेनड्राइव्ह, प्रत्येकात ती एकच फाइल, नाव कॉलेजचं. मोबाईलवर तिसरी प्रत, पण वाजवायची वेळ आली तर आधी फ्लाइट मोड. ऐन रंगात कोणाच्या तरी आईचा फोन वाजतो आणि टीम जागच्या जागी गोठते, हा दरवर्षीचा प्रसंग आहे. साऊंडवाल्याशेजारी आपला एक माणूस उभा हवा, ज्याला गाणं काउंटसकट पाठ आहे. ट्रॅकच्या सुरुवातीला दोन सेकंद शांतता ठेवा, नाहीतर पहिला ठोका साऊंडवाल्याच्या बोटाखाली जातो.

तिसरं, गाणं मध्येच बंद पडलं तर काय? हे आधी ठरवायचं आणि आठवड्यातून एकदा न सांगता गाणं बंद करून बघायचं. नियम सोपा: ठरलेली एक व्यक्ती काउंट म्हणते, बाकीचे नाचत राहतात, थांबायचं नाही. पहिल्यांदा सगळे हसतात. चौथ्यांदा कोणी हसत नाही.

झाडीपट्टी
सगळे फिल्मी नाचावरच बोलून राहिले. भाचीची टीम युवा महोत्सवाची हाय ना, मंग लोकनृत्याचं बी पाहा. एआययूच्या (भारतीय विद्यापीठ संघाच्या) आंतरविद्यापीठ महोत्सवात लोकनृत्य किंवा आदिवासी नृत्यात जास्तीत जास्त दहा नाचणारे, पाच साथीदार, वेळ दहा मिनिटांच्या आत, शास्त्रीय चालत नाही. गाण्याचे बोल आणि विषयाची टिपणी लिहून द्या लागते. ते टिपणी कोण लिहिते? बहुतेक ठिकाणी आदल्या रात्री कोणीतरी नेटवरून उतरवते. खरं काम तिथंच हाय.

आता प्रमाण भाषेत लिहितो, नाहीतर पुण्याकडचे म्हणतील समजलं नाही. 🙂

गडचिरोलीच्या गोंड-माडिया लोकांचा रेला नाच घ्या. हात धरून गोल, तोंड आत, गाणारेही तेच आणि ऐकणारेही तेच. प्रेक्षक नावाचा प्रकारच नाही. तो सभागृहात आणला की निम्म्या लोकांची पाठ परीक्षकांकडे. मग काय करायचं? गोल तोडून अर्धा करायचा, की गोल तसाच ठेवून हळूहळू फिरवायचा, म्हणजे प्रत्येकाचा चेहरा पाळीपाळीने दिसेल? गोल फिरवला तर वेग सांभाळावा लागतो, कारण बाहेरून बघताना पाऊल लहान दिसतं. अर्धा केला तर हात सुटतात आणि नाचाचा जीव जातो. या एका प्रश्नावर टीमने तासभर भांडावं. उत्तर कोणतंही निघो, आपण कोणाचं काय उचलतोय हे त्या तासात कळतं.

दंडारीचंही (झाडीपट्टीतली नाच-गाण्याची लोककला) तसंच. आमच्याकडे दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या दिवसांत ती उभ्या लोकांत, चारी बाजूंनी होते. तिचा एकदिशी ‘आयटम’ करताना काय गळतं, हे टिपणीत दोन ओळींत लिहा. परीक्षकांनाही आवडतं.

बर्डीवाला
पण गुण मिळतात पानांच्या घागऱ्याला आणि तोंडावरच्या पांढऱ्या ठिपक्यांना. हे कटू सत्य.

झाडीपट्टी
कटू हाय, पण कायमचं सत्य नाही. पानांचा घागरा कोणी घालत नाही. नऊवारीसारखी गुडघ्यापर्यंत नेसलेली लुगडी, धोतर, फेटा, मोरपीस, जे गावात दिसतं ते. आदिवासी म्हटलं की ‘हू हा’ करत भाले नाचवणारी टीम पाहिली की टीममधल्या गोंड पोराला काय वाटत असेल, एवढं तरी विचारा. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाकडची पोरं नागपुरातल्या प्रत्येक कॉलेजात आहेत. त्यांना ‘साथीदार’ म्हणून ढोल देऊन मागे बसवू नका, आधी पाऊल त्यांना विचारा.

संत्राबर्फी
+१. यावर वेगळा धागा हवा.

नडगी_दुखते
सवयींआधी पायांचं बघा. टाइल्स आणि सिमेंटवर सहा आठवडे उड्या मारल्या की नडगीच्या आतल्या कडेला दुखायला लागतं. कारण दोन: फरशी दाब परत पायात पाठवते, आणि सराव एकदम शून्यावरून रोज अडीच तासांवर जातो. पहिला आठवडा एक तास, उड्या ‘मार्क’ करायच्या म्हणजे फक्त गुडघा वाकवायचा. पूर्ण जोराने दिवसातून दोनच वेळा. बूट घाला, अनवाणी फक्त शेवटच्या आठवड्यात आणि तेही नाच तसा असेल तरच.

अंग तापवायला दहा-बारा मिनिटं: जागच्या जागी धावणं, गुडघे वर, कंबर आणि घोटे गोल फिरवणं. ताणून धरण्याचे प्रकार सरावानंतर. उलटं केलं तर ढिला झालेला स्नायू उडीत दगा देतो.

घोटा मुरगळला तर पहिले ४८ तास गरम शेक नाही, तेल लावून चोळणं तर नाहीच. कापडात गुंडाळलेला बर्फ १५-२० मिनिटं, दिवसातून तीन-चारदा, क्रेप बँडेज, पाय उशीवर. त्या पायावर चार पावलंही टाकता येत नसतील किंवा हाडावर दाबून दुखत असेल तर एक्स-रे काढा. परत नाचायला कधी? त्याच पायावर न दुखता दहा लंगड्या उड्या जमल्या की.

आणि पत्र्याच्या शेडमध्ये सप्टेंबर-ऑक्टोबरची दुपार म्हणजे भट्टी. दर वीस मिनिटांनी पाणी. घाम फार जात असेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट छोटे (चहाचे) चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ. सरावाच्या दोन तास आधी खाणं संपवा.

काऊन_बे
म्हणजे प्रॅक्टिसच्या आधी तर्री पोहा नाही?

नडगी_दुखते
पोहा चालेल. तर्री घेतली तर तिसऱ्या गिरकीला ती स्वतः नोट देईल.

बर्डीवाला
😂 धागा इथेच वसूल.

हिशोबनीस
कोणी पैशांबद्दल बोललं नाही, आणि टीम सगळ्यात जास्त तिथेच फुटते. समजा बारा जण, माणशी ८०० रुपये. झाले ९६००. यातून कपड्यांचं भाडं, त्यावर अनामत, दागिने, मेकअप, प्रॉपर्टी (नाचाचं सामान) न्यायला ऑटो किंवा छोटा हत्ती, आणि सरावाचा चहा. दहा टक्के, म्हणजे ९६०, आधीच बाजूला ठेवायचे. ते मोडलेल्या बांगड्यांना आणि ऐनवेळच्या सेफ्टी पिनांना जातात.

पैसे गोळा करणारा एक, खर्च करणारा दुसरा. रोजचा खर्च त्याच रात्री ग्रुपवर, बिलाच्या फोटोसह. एकाच माणसाकडे दोन्ही दिलं तर तो प्रामाणिक असला तरी पंधराव्या दिवशी संशय येतो. भाड्याचे कपडे घेताना दुकानातच मोजायचे: कमरपट्टे किती, बाजूबंद किती, आधीचे डाग कुठे. फोटो काढायचा. परत द्यायची वेळ विचारून लिहून घ्यायची, कारण दुसऱ्या दिवशी दुपार उलटली की पुष्कळ ठिकाणी पुढच्या दिवसाचं भाडं लागतं आणि नाचून थकलेली टीम तेव्हा झोपलेली असते.

एक अवघड गोष्ट. प्रत्येक टीममध्ये एक-दोघांना ८०० जमत नाहीत आणि ते सांगत नाहीत, ‘आजी आजारी आहे’ म्हणून गळतात. म्हणून आकडा जाहीर करताना सोबतच सांगायचं: हप्त्याने चालेल, मला एकट्याला सांगा. आणि खरंच एकट्यालाच ठेवायचं. वीस वर्षांच्या मुलाने हे गुपित सहा आठवडे सांभाळलं, तर धागाकर्त्यांनी तेही त्या प्रमाणपत्राच्या पलीकडे धरावं.

त्रिमूर्ती_नगर
उत्तम चाललंय, अपेक्षेपेक्षा बरंच ठोस. पण माझा आक्षेप अजून शिल्लक आहे. बुडालेल्या तासांचं काय?

हजेरीपट
हजेरी ७५ टक्के लागते. एखाद्या विषयाचे सत्रात ६० तास धरले तर ४५ हवेत, १५ बुडाले तरी चालतील. सहा आठवड्यांत १५ म्हणजे पुरेसे वाटतात. चूक कुठे होते? सराव रोज शेवटच्या दोन तासांना ठेवतात. मग ठरावीक दोन विषयच दरवेळी मरतात आणि बाकीच्यांत शंभर टक्के. पहिल्या आठवड्यातच सगळ्यांची वेळापत्रकं एका कागदावर मांडा आणि सरावाची वेळ आठवड्याला बदला. प्रात्यक्षिकांच्या दिवशी सुट्टी किंवा सकाळी सात. स्पर्धेच्या दिवसाची हजेरी पत्र देऊन मिळू शकते, पण सरावाची मिळेलच असं धरू नका. ते पत्र आधी द्यायचं, नंतर नाही.

नव्या शैक्षणिक धोरणात (२०२०) सहअभ्यासक्रमाचे श्रेयांक आहेत, त्यात सांस्कृतिक उपक्रमही येतात. भाचीच्या कॉलेजात ते नाचाला लागू आहेत का, हे विभागप्रमुखांना विचारायला हरकत नाही.

रात्रीचं: सराव आठला संपवा, साडेआठला नाही. हिंगणा रोड किंवा कामठीकडे जाणारी मुलगी असेल तर तिच्या वेळेनुसार संपवा. कोण कोणासोबत जाणार ते सरावाआधी ठरवा, नंतर फाटकाशी उभं राहून नव्हे.

संत्राबर्फी
मूळ प्रश्नाला धरून: निवड न झालेल्यांचं आणि राखीव ठेवलेल्यांचं काय? त्यांचा कसला विकास? दहा नाचतात, दोन-तीन बाटल्या भरतात.

मागची_रांग
राखीव माणसाला बाटल्या भरायला लावणारी टीम मूर्ख आहे. नीट वापरलं तर सगळ्यात जास्त तोच शिकतो. त्याला किमान दोन जागा यायला हव्यात, एक डावीकडची आणि एक उजवीकडची. दोन्हीकडच्या स्टेप बऱ्याचदा आरशातल्या असतात, म्हणजे डावीकडच्याचा उजवा पाय तिथे उजवीकडच्याचा डावा. एका अंगाने शिकलेलं दुसऱ्या अंगाने लगेच करता येत नाही, डोक्यात उलटवावं लागतं. आठवड्यातून एक दिवस मूळ नर्तकी बाहेर आणि राखीव आत, असा सराव ठेवायचा. मूळ नर्तकी त्या दिवशी पहिल्यांदा पूर्ण नाच समोरून बघते. पुढच्या दिवशी तिचं नाचणं बदललेलं असतं.

व्हिडिओचंही सांगून टाकतो. मोबाईल मधोमध, छातीच्या उंचीवर, पूर्ण स्टेज चौकटीत. पहिल्यांदा बघताना कोणी बोलायचं नाही. दुसऱ्यांदा प्रत्येकाने आपल्याबद्दल बोलायचं नाही, शेजारच्याबद्दल एकच वाक्य, तेही काउंट सांगून. ‘तू छान नाही करत’ ही नोट नाही. ‘तिसऱ्या आठच्या पाचला तुझी मान खाली जाते’ ही नोट.

विंगेतून
त्याला जोडून: रंग आणि जाडी यांवर नोट नसते. हे पहिल्या दिवशी मोठ्याने सांगावं लागतं, कारण तिसऱ्या दिवशी कोणीतरी ‘गोऱ्या पुढे घ्या’ म्हणतंच. आणि उचलायच्या स्टेप: आधी विचारायचं, कुठे धरणार ते हात लावण्याआधी सांगायचं, दोन्ही बाजूंना एकेक जण आधाराला, खाली गादी. उचलणाऱ्याने पाठ वाकवून नाही, गुडघे वाकवून. ती ‘नको’ म्हणाली तर स्टेप बदलायची, मुलगी नाही.

त्रिमूर्ती_नगर
बरं, मत थोडं सरकलं. पूर्ण नाही. मला जे समजलं ते असं: टीम कशी चालते यावर सगळं आहे, आणि ते आत गेल्याशिवाय कळत नाही. मग भाचीने आत जाण्याआधी काय विचारावं?

संत्राबर्फी
गाणं आणि फॉर्मेशन कोण ठरवतं? ‘सर’ एवढंच उत्तर आलं तर विचार करावा. गेल्या वर्षीचे किती जण यंदा परत आलेत, हेही बघावं. प्रमाणपत्रं सगळेच दाखवतात, परत आलेली माणसं सगळे दाखवू शकत नाहीत.

हिशोबनीस
माणशी किती, आणि गेल्या वर्षीचा हिशोब बघायला मिळेल का.

नडगी_दुखते
फरशी कसली आहे.

काऊन_बे
चहा कोण पाजते.

झाडीपट्टी
आणि टिपणी कोण लिहिते. तिनं सांगावं, ‘मी लिहीन.’ निवड पक्की समजा, ते काम कोणालेच नको असते.

त्रिमूर्ती_नगर
धागा भाचीला पाठवला. तिने पूर्ण वाचला म्हणते (खोटं असावं). तिची एकच शंका: ती उंच आहे, म्हणून कायम मागच्या रांगेत टाकतील का? आणि खुणांसाठी खडूऐवजी कोणती टेप?

विंगेतून
टेप: कागदी मास्किंग टेप, रंगाच्या दुकानात मिळते. तपकिरी चिकटपट्टी नको, लाकडी स्टेजवर तिचा डिंक राहतो आणि सभागृहवाले ओरडतात. सभागृहात लावण्याआधी विचारा, नाच संपल्यावर स्वतः काढा.

मागची_रांग
उंच मागे, बुटके पुढे हा शाळेच्या फोटोचा नियम. नाचात रांगा चार-आठ काउंटांत बदलतात. उंच मुलीचा हात लांबून दिसतो, म्हणून तो सहाला पडला की सगळ्यांच्या आधी तिचीच चूक दिसते. तिला सांगा, सातला.